करकरीत

देवबागला आमची विहीर वाळूत आहे.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली,
मध्ये शिंपल्यांचा चुरा, त्यात बारा हात खाली पाणी.
चहाला चालतं. डाळ शिजवायला वेळ घेतं.
साबणाशी मात्र त्याचं कधीच जमलं नाही:
वडी झिजायची, फेस नाही,
बादलीच्या कडेला नुसता राखाडी साका.

आनमारीला हे पाणी हातपाठ होतं.
तीस वर्षं एका चादरीला एक मूठ पावडर,
वर एक मूठ पाण्याच्या नावाने.
‘ता आधी आपला पोट भरता,’ म्हणायची,
‘मगे कपड्याक देता.’

दिवाळीआधी मी यंत्र बसवलं.
कुडाळचे तेंडोलकर आले.
उभी निळी टाकी, आत पिवळे बारीक मणी,
शेजारी मिठाचं पिंप.
‘मीठ? समुद्र काय कमी पडलो?’
तेंडोलकर म्हणाले, मणी चुना धरून ठेवतात,
मीठ तो सोडवून नेतं.
मला अर्धं कळलं. चेक दिला.

पहिल्याच दिवशी मशीन ओकलं.
फेस दारातून, मग पायरीवरून,
थेट अबोलीच्या वाफ्यात.
कोंबडीने चोच घातली आणि पळाली.
मूठ तीच होती.
पाणी उपाशी नव्हतं.

पाच पाण्यांतून काढली चादर, सहाव्यातून,
बोटं बुळबुळीत ती बुळबुळीतच.
‘साबण जायत नाय गे!’
पुण्याचे पाहुणे न्हाणीतून ओरडले, तेही तेच.
दुपारी टाकी रिकामी.

फोनवर तेंडोलकर हसले.
साबण पहिल्या-दुसऱ्या पाण्यातच गेला, म्हणाले.
तुम्ही ज्याला स्वच्छ म्हणत होता,
अंगठा घासला की वाजायची ती करकर,
ती साबणाची आणि चुन्याची पुटं.

हे आनमारीला कसं सांगायचं?
तीस वर्षांच्या चादरी.
तिच्या पोरांची बाप्तिस्म्याची झबली.
मी फक्त मापाचा चमचा दिला, प्लास्टिकचा.
म्हटलं, यापुढे एवढंच.
तिने तो मुठीत धरून पाहिला.
मूठ रिकामीच वाटली असावी.

आता पावडरची पिशवी चौपट दिवस पुरते.
टॉवेल मऊ. नळावरचे पांढरे डाग गेले.
रात्री दोनला यंत्र मीठ पिऊन स्वतःला धुतं,
ते पाणी माडांकडे जातं,
माड अजून काही बोललेले नाहीत.

पण सगळं धुऊन झालं,
मी हिशेबाची वही उघडली, की
मागे रहाट वाजतो.
एकच बादली, विहिरीची.
आनमारी शेवटची चादर तिच्यात बुडवते,
पिळते, कानाशी नेऊन अंगठा घासते.

कर्र.

‘आता झाली.’

मी वहीतून वर बघत नाही.
ती चादर जरा ताठ वाळते.
पाहुण्यांना देत नाही मी ती,
माझ्याच पलंगावर घालते.