माशीपट्टी

शरदातलं पहिलं धुकं
कॅटलिन्सच्या टेकड्यांवरून आमच्या फाटकापर्यंत उतरतं,
त्याच आठवड्यात, मार्चमध्ये, तो लिफाफा येतो.
पेट्या किती, कुठे, कुणाच्या रानात.
पेटीमागे दीड डॉलर.

घरपट्टी झाली, पाणीपट्टी झाली,
आता ही माशीपट्टी, म्हणायचा डूगल, माझा बाप,
आणि चेकबुकात मागे उरणाऱ्या चिठोऱ्यावर
दरसाल एक ओळ खरडायचा.
"दिले. कशासाठी?"
"क्लोव्हर करपलं. तरी दिले."
"बोट त्यांचं, मध आपला."

ओवाकाच्या सभागृहात एकदा सभा झाली.
वेलिंग्टनहून आलेला एक कोवळा पोरगा
पडद्यावर रंगीत चकत्या दाखवत राहिला:
इतका वाटा निरीक्षकांना, इतका प्रयोगशाळेला,
आणि ही एक कुत्री,
वासावरून रोग ओळखायला शिकतेय.
मागच्या बाकावरून कुणीतरी भुंकलं.
चहाबरोबर प्रत्येकाला एकेक पेन मिळालं,
निळं, वर षट्कोन.
"बासष्ट पेट्या, त्र्याण्णव डॉलर,
आणि हे पेन,"
गाडी सुरू करताना बाप म्हणाला.

पट्टी चालू ठेवावी का, अशी मतपत्रिका आली
तेव्हा त्याला जाऊन सात महिने झाले होते.
मी 'नको'वर खूण केली.
मत त्याचं, हात माझा.
'नको' हरलं.

यंदा फेब्रुवारीत हिनेवाई पराटा आली,
बुटांचे तळ आमच्या नळावर धुऊन.
गाडीच्या मागून उतरली ट्विग,
काळी, एक कान पडलेला.
रांगेच्या टोकाला, रात्याच्या झाडाखाली,
ती बसली.
नुसती बसली. भुंकली नाही,
शेपूटही हलवलं नाही.

हिनेवाईने फ्रेम उन्हात धरली.
खचलेल्या एका कोषात आगकाडी बुडवली
आणि हळूच ओढली.
तपकिरी तार आली, बोटभर,
तुटेना.

तीन पेट्या.

सगळ्या माश्या घरी येईपर्यंत थांबावं लागतं.
म्हणून आम्ही खड्डा खणला, दोघींनी,
मग तिच्या डब्यातली आल्याची बिस्किटं खाल्ली
आणि बघत बसलो:
उशीर झालेल्या, मांड्यांना परागाचे पिवळे गोळे बांधलेल्या
एकेक दारात शिरत होत्या.

पेट्रोल ओतल्यावर गुणगुण थांबायला
किती वेळ लागतो ते मोजू नये.
मी मोजलं.
मग काडी. त्याच आगपेटीतली.

पेट्रोलची पावती हिनेवाईने वहीत ठेवली,
खर्च बोर्डाचा, म्हणाली,
म्हणजे माझा.
तिचा दिवस माझा, ट्विगचं खाणं माझं,
बापाची वीस वर्षांची कुरकुर
त्या जाळात तुपासारखी पडली.
हसू आलं. धूर गेला डोळ्यांत.
ओढ्यापलीकडे एल्स्पेथ गनच्या दोनशे चाळीस पेट्या
अंधारात गुणगुणत होत्या.
तिने 'हवी' म्हटलं होतं की 'नको',
मी कधी विचारलं नाही.

काल लिफाफ्यात अहवालही होता.
चौदाव्या पानावर सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र,
जांभळ्या काड्यांचा पसारा, खाली नमुन्याचा क्रमांक.
माझ्या पेटीतला असेल. नसेलही.
कोण कुठली मुलगी त्यावर वाकून बसली असेल
डुनेडिनमध्ये, रात्री, हीटर लावून,
आणि पगाराच्या दिवशी तिलाही वाटत असेल
की कमीच आहे.

पेट्या किती?
खणात बघितलं, पेन्सिलचं टोक मोडलेलं.
डब्यात बघितलं.
शेवटी ते निळं सापडलं,
षट्कोन अर्धा पुसलेला.
दोनदा झटकलं.

एकोणसाठ.

उठलं.