प्रतिसाद देत नाही

क्लाक्सविकला दुपारी तीनलाच अंधारतं.
हेरबोर्गच्या स्वयंपाकघरात एक खिडकी वाफेनं पांढरी,
दुसरी, पडद्यावरची, तिच्याहून पांढरी.

मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांची नोंदवही:
बासष्टाव्या वर्षी कोड शिकून
तिनं स्वतः लिहिलेली.
एडिटरमधून चालवली की चौकट उघडते,
अर्धा कान काढते
आणि थिजते. बंद करायची फुलीसुद्धा ऐकत नाही.

"काळ्या टर्मिनलात बरी धावते," ती म्हणाली,
"इथंच हिला काय होतं?"
मी जाणत्याच्या थाटात खुर्ची ओढली.
लूप तपासला. थांबण्याची ओळ काढली.
थ्रेड वेगळा केला, चौकटीचं रंगकाम दुसऱ्याकडे सोपवलं.
अर्धा कान. पुन्हा अर्धाच कान.

ट्रोन्दुर मासे साफ करून आला,
हात न धुताच वाकला:
"ते खाली काय लिहिलंय?"

एडिटरच्या तळाशी, बोटभर पट्टीत,
चष्म्यावाचून दिसू नये असा प्रश्न:
कुठल्या कुरणातली?
पुढे लुकलुकणारी उभी रेघ.

टर्मिनलात हाच प्रश्न डोळ्यांसमोर यायचा,
ती बोलता बोलता उत्तर टंकायची
आणि विसरून जायची.

दोन तास आम्ही तिला म्हणत होतो, बोल की गं.
ती तर कधीच विचारून
गप्प उभी होती.

हेरबोर्गनं टंकलं: उत्तरेचा उतार.
कान पुरा झाला, टोकाला खाच, मागे दोन छेद.
कुणी काही बोललं नाही.
एंटरच्या कळीवर
हॅडॉकचं एक खवलं चिकटलेलं होतं.