दुसरी वेलांटी

औलूला फेब्रुवारीत सूर्य कामावर उशिरा येतो, लवकर जातो.
आउने कार्प्पाला ती सवलत नाही.
सकाळी सहाला सायकल बर्फातच टेकवून
ती तळघरात उतरते, बूट बदलते, टोपी चढवते
आणि चारशे पिंजऱ्यांना एकदम म्हणते, उठा.

कार्प्पा म्हणजे तिकडच्या भाषेत
थंडीत पांढरं होणारं, उंदरांवर जगणारं एक चपळ जनावर.
या विनोदाला ती तेहतीस वर्षं हसत आली.
आता नुसती मान हलवते.

नऊ नंबरच्या खोलीत म्हातारे राहतात.
सव्वीस महिने म्हणजे उंदराची पंचाहत्तरी:
पाठीवरची लव विरळ, चालताना कंबर किंचित तिरकी.
घरट्यासाठी दिलेला कागद
पूर्वी तासाभरात पिंजून कापूस करायचे,
आता दोन-दोन दिवस तसाच, घडी न मोडलेला.

यातल्या निम्म्यांच्या एका जनुकात
एक अक्षर बदललं आहे.
एकच.
मराठीत सांगायचं तर दुसऱ्या वेलांटीएवढा फरक:
बळ लिहायला घेतलं आणि झालं बळी.
लहानपणी ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही.
पिल्लं सारखीच धडपडतात, सारखीच चढतात,
पेशीपेशीतली वीजघरं सारखीच घरघरतात.
मग वय येतं, वह्या तपासणाऱ्या मास्तरासारखं,
आणि नेमकं तिथेच बोट ठेवतं.

बदललेले कोणते, हे आउनेला सांगत नाहीत.
कळलं की हात पक्षपाती होतो, म्हणतात डॉक्टर इल्मारी.
ती होकार देते.
तळहातावर घेतल्याबरोबर हाताला कळतंच,
पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

आज चारशे सतरा.
तार आडवी ताणलेली, खाली मऊ गादी,
पुढचे दोन पंजे तारेवर. घड्याळ सुरू.
गेल्या वर्षी याच तारेला हा नव्वद सेकंद लोंबकळला होता,
मिशा हलवत, जणू कुणीतरी भेटायला येणार आहे.
सात. आठ.
मागचा पाय तार शोधतो. सापडत नाही.
नऊ. उजवा पंजा सुटतो.
दहा,
आणि तो पडायच्या आधीच
आउनेचा हात खाली गेलेला असतो.

इल्मारी घड्याळाकडे बघतात, मग तिच्याकडे.
"पडू द्यायचं असतं, आउने."
"हो."
"हा आकडा धरता येणार नाही."
"नाही."
मुठीत बावीस ग्रॅमची धाप.

पुढच्या मंगळवारी
चारशे सतराच्या नडगीवरचा स्नायू काचेखाली येतो,
केसाहून पातळ काप.
तपकिरी तंतूंच्या दाटीत मधूनच निळे:
ज्यांच्या घरची वीज गेली, ते.
इल्मारी मोजतात. शंभरात चौदा.
आवाज न करता खूश होतात.
सहा वर्षं या निळ्याची वाट बघितली त्यांनी,
आणि त्यांच्या आईला खुर्चीतून उठवायला
आता दोन माणसं लागतात.
आउने पिंजरा धुते.
नंबराच्या चिठ्ठीचा डिंक निघत नाही,
नखाने खरवडते.

घरी जाताना बालवाडीचं अंगण लागतं.
लोखंडी दांडी, तिच्यावर बोटभर बर्फ.
ती इकडेतिकडे बघते,
हातमोज्यांसकट दांडी धरते
आणि पाय उचलते.
खांदे कुरकुरतात. पाठीत कुठेतरी जुनी कडी वाजते.
कुंपणापाशी पिवळ्या कोटात, आईची वाट बघणारा एक मुलगा
न विचारताच मोजायला लागतो:
युक्सी, काक्सी, कोल्मे...

त्याला वीसपर्यंतच येतं.
वीस झाल्यावर तो अडखळतो,
तिच्याकडे बघतो,
नाक पुसतो,
आणि पुन्हा युक्सीपासून सुरू करतो.