सत्तर टक्के मळ

अस्तुरियासच्या एका जुन्या धक्क्याखाली
नऊ वर्षं लोंबकळत होते हे दोन ठोकळे.
आज वर काढले.
शेवाळ, कालवं, एका खाचेत खेकड्याचं पिल्लू.
एलोइनानं त्याला आधी पाण्यात सोडलं,
मग हातोडा मागितला.

पहिला साध्या सिमेंटचा. दुसऱ्यात सत्तर टक्के
भट्टीचा मळ: वितळल्या लोखंडावर तरंगतो तो,
ज्याला तिचा बाप सेल्मो रात्रपाळीत
लांब सळईनं नाळीतून वाट करून द्यायचा.
पहाटे घरी यायचा भुवया करपवून,
आणि आई आतून ओरडायची,
दारातच झटक, घरात आणू नकोस!

ठोकळा फुटला. आतून हिरवट निळा.
वारा लागला की हा रंग उडतो,
म्हणून ती घाईनं बघून घेते.
मग सिल्व्हर नायट्रेट फवारते:
मीठ शिरलं तिथवर पांढरं, पुढे तपकिरी.
साध्यात पांढरं थेट सळईला भिडलेलं.
मळाच्यात नखाएवढं.

पहिल्या आठवड्यात हाच कच्चा निघाला होता.
साहेब म्हणाले होते, टाकून दे.
तिनं वहीत लिहिलं होतं, सावकाश आहे, थांबावं.

त्याच ओळीखाली आज: नऊ मिलिमीटर.

पेन उघडंच राहतं हातात.
भरती पायरीवर आलीय.
भट्टी मार्चपासून थंड आहे;
पुढच्या ठोकळ्याला मळ कुठून आणायचा
याचा रकाना वहीत नाही.