फुलपात्रभर

आंबा घाटात, गायमुखाच्या आधीच्या वळणावर
दत्ताराम गोताडांचा ट्रक दर खेपेला गुडघे टेकायचा.
तीनशे चिरे, पाठीला हवेत लोंबणारी ताडपत्री,
क्लीनर दगड घेऊन मागच्या चाकाकडे धावायचा.
क्लचच्या जळक्या वासाला घाटातली माकडंही सरावली होती.

"बोअर वाढवा की," गोताड म्हणाले,
साखरप्यात, आमच्या पत्र्याखाली.
उस्मान खलफ्यांनी ब्लॉकवर नखाने टिचकी मारली.
"भिंत पातळ आहे. पलीकडे पाणी खेळतं.
विहीर रुंद होत नसेल, तर काय करता शेठ?"
"खोल."
"मग झालं."

क्रँक मिळाला मिरकरवाड्यात,
फोडायला काढलेल्या एका ट्रॉलरच्या पोटात.
त्याच घराण्याचं इंजिन, हात मात्र थोडा लांब.
आमच्या जुन्याचा साठ मिलिमीटर, याचा चौसष्ट.
चार म्हणजे किती?
काडेपेटीतल्या दोन काड्या, शेजारी शेजारी.
पण क्रँक फिरतो तेव्हा चार वर आणि चार खाली,
पिस्टनची वाट आठाने वाढते.
मी पावतीच्या पाठीवर गुणाकार केला:
सहाही सिलिंडर मिळून साडेतीनशे मिली जास्त.
एक फुलपात्र.
एवढ्यासाठी अकरा दिवस
आम्ही कोपरापर्यंत काळे.

खाऱ्या हवेने जर्नलवर टोचे मारले होते.
रत्नागिरीत ग्राइंडिंगला दिला, दहा थाउ उतरवला,
तेव्हा त्यात माझं नाक दिसायला लागलं.
खालचे चार ठीक, वरचे चार हेडवर आपटणार,
म्हणून कोल्हापूरचे पिस्टन,
पिनचं भोक तेवढंच वर सरकवलेले.
"लुंगी जरा उंच बांधली, बस," उस्मान म्हणाले.
रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या ओठाला घासत होता.
तिथे कानशीने नखाएवढी जागा काढायला
मला एक अख्खी दुपार लागली.

मग शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून
मूठभर शाडू आणली, पिस्टनच्या डोक्यावर थापली,
हेड बसवलं, हाताने दोन फेरे, हेड पुन्हा उघडलं.
मातीत व्हॉल्व्हचे दोन ठसे.
ब्लेडने कापून चकती मोजली: एक मिलिमीटर, वर एक केस.
उस्मान त्या फटीकडे बघत राहिले,
विडी बोटातच विझली.

ट्रक सुरू करायच्या दिवशी नाट्याहून याकूब वस्ता आले.
ट्रॉलरवर एकोणीस वर्षं इंजिन सांभाळलेले.
बॉनेटशी कान नेऊन उभे राहिले.
"हा नाय तो," म्हणाले.
"तो पाण्यात हुंकार द्यायचा."
चहा ओतलेला होता. तो तसाच ठेवून
समोरच्या एसटीत चढले.

घाटात मी केबिनमध्ये होतो.
वळण आलं, ड्रायव्हरचा हात सवयीने गिअरवर गेला
आणि तिथेच थांबला. दुसऱ्यावरच ट्रक चढत राहिला.
आवाज जाड, सावकाश,
खोल पाण्यावरचा रहाट ओढावा तसा.
क्लीनरने दगड मांडीवर घेतला होता,
तो त्याने पार वरच्या चहाच्या टपरीपर्यंत सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात गोताडांनी
तीनशेचे तीनशे साठ चिरे केले.
फोन संध्याकाळी आला.
गायमुखाच्या आधीचं वळण.
उस्मान आधी हसले, मग पाने पिशवीत भरू लागले.
"आपण दिलं फुलपात्र," म्हणाले,
"त्यांनी लावली घागर."

टेबलावर शाडूची ती चकती अजून पडली होती,
वाळून, कडांना भेगा जाऊन.
निघता निघता मी सहज पुन्हा मोजली.
एक मिलिमीटरला थोडी कमी भरली.