तीन उघडझापा

पांडवलेण्याच्या पायऱ्या चढताना
ट्रायपॉड माझ्या खांद्यावर, पाण्याची बाटली शालनकडे,
आणि प्रचिती गांगुर्डे आमच्या कितीतरी पुढे.
द्वारकेला लग्नाचे अल्बम करते ती,
माझ्या मुलीहून लहान, आजपुरती माझी मास्तरीण.

लेण्यात उभं राहून दाराकडे कॅमेरा धरला.
पहिला फोटो: बाहेरचं शहर नीट, आतले खांब नुसतं डांबर.
दुसरा: खांब दिसले, त्यांवरचे छिन्नीचे घावसुद्धा,
पण दार उतू गेलेल्या दुधासारखं.
म्हटलं, मला तर दोन्ही दिसतंय की इथून.
"डोळा लबाड असतो, काका.
आत बघतो तेव्हा आतला होतो,
बाहेर बघतो तेव्हा बाहेरचा,
आणि मधल्या मधे बदलल्याचं कबूल करत नाही."

मग तिनं एकेक खुंटी पक्की केली.
छिद्र आठवर, हलवायचं नाही.
आयएसओ शंभर.
फोकस हातानं लावायचा आणि विसरायचा.
फाइल रॉ.
बदलायचा तो फक्त शटरचा वेळ:
एक मोजून, एक दोन पायऱ्या खाली, एक दोन पायऱ्या वर.
"आणि बटण दाबून हात मागे घ्या. दोन सेकंदांनी तो आपला आपण काढेल."

हात मागे घेणं मला अवघड गेलं.
तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटेचा कागद उजेडापुढे धरत आलो,
पोटातलं चित्र दिसलं की पुढे, नाही दिसलं की बाजूला.
उजेड कमी पडला तर दिसायचं नाही,
फार झाला तरी नाही.
हे मी प्रचितीला सांगितलं नाही.
ती बॅटरी बघत होती.

खट्.
खट्.
खाऽट्. शेवटच्याला अर्धा सेकंद लागला.
तेवढ्यात एक पारवा छताला जाऊन आला.

रात्री लॅपटॉपवर तिन्ही एकमेकांवर बसवले.
प्रोग्रामनं विचार केला, केला, आणि दिलं:
राखाडी, मवाळ, भिजवलेल्या पोह्यासारखं काहीतरी.
मग मी पट्ट्या सरकवायला लागलो.
रंग वाढव. अजून. धार वाढव. अजून.
आकाश झालं खस सरबत,
खांबांना गुळाच्या ढेपेचा चकाकता काठ,
दाराभोवती पांढरी वलयं.
मला आवडलं. खोटं कशाला बोलू.
प्रचितीला पाठवलं. उत्तर आलं,
"काका, हे बँडवाल्याच्या कोटासारखं झालंय.
सगळं निम्म्यावर आणा. मग चहा घ्या. मग त्याच्याही निम्म्यावर."

चहानंतर शालन दिसली.
उंबऱ्याशी. काढायला सांगितली नव्हती,
दम खायला आपणहून बसलेली.
पहिल्यात बसलेली, दुसऱ्यात चपलेकडे वाकलेली,
तिसऱ्यात उठता उठता.
तिघी मिळून एक झाली तर
तिच्यातून आरपार शहर दिसत होतं.

मागे ती मेथी निवडत होती. वाकून बघितलं.
"अहो, माझे पाय कुठे गेले?"
म्हटलं, तू हललीस. याला भूत म्हणतात.
"चार वेळा थांबून चढले त्या पायऱ्या. आणि भूत म्हणे."

प्रोग्राममध्ये भूत घालवायची चौकट असते.
खूण केली की तो विचारतो,
तिघींतली ठेवायची कोण?
मी मधली धरली होती. चेहरा नसला तरी उजेड बरोबर.
शालन म्हणाली, पहिली ठेवा.
"पहिलीत तू काळी आहेस. नुसता आकार."
"असू दे. त्यात मी बाहेर बघतेय."

काळ्या आकारात ते तिला कसं दिसलं कोण जाणे.
मी तेवढ्याच तुकड्यातल्या सावल्या वर सरकवल्या,
हळू, निम्म्याच्या निम्म्यानं.
आधी नाक आलं. मग कपाळावरची बट.
खरंच बाहेर बघत होती.
चेहऱ्यावर दाणे पडले खूप.
ते घालवायची पण एक पट्टी आहे म्हणे.
प्रचितीला उद्या विचारेन, किंवा नाही विचारणार.