मृत संवर्ग

मार्च उलटला की विवरणपत्र येतं.
मंजूर, भरलेली, रिक्त.
मी मंजूरमधून भरलेली वजा करते,
उरतं ते शेवटच्या रकान्यात लिहिते.
सोळा वर्षं हेच गणित,
फक्त उत्तर वाढत चाललंय.

लघुलेखक दोन, भरलेलं शून्य.
वाहनचालक एक. गाडी निर्लेखित झाली,
चालक अजून आहे, झेरॉक्स काढतो.

मग दप्तरी.
त्याच्यासमोर शासनानं लिहिलंय: मृत संवर्ग.
म्हणजे आहे तो माणूस निवृत्त होईपर्यंत पद राहील,
मग माणसाबरोबर पदही जाईल.
इलाही बागवानला तो निर्णय मीच वाचून दाखवला होता,
त्याचा चष्मा कॅम्पात दुरुस्तीला होता म्हणून.
"म्हणजे बाई, माझ्यामागं माझं कुणी नाही,"
एवढं म्हणून तो गठ्ठा बांधत राहिला.
त्याची गाठ अजून कुणाला सुटत नाही.
परवा चौऱ्याण्णवची बिंदुनामावली हवी होती,
शेवटी कात्री लावली दोरीला.

करिश्मा कुचेकर माझ्या उजव्या हाताला बसते.
आमची पगारबिलं तीच भरते.
माझं मूळ वेतन, घरभाडं, फरकाचा हप्ता,
पै न् पै तिच्या बोटांखालून जाते.
तिचा पगार एजन्सी देते,
कधी पंधराला, कधी वीसला,
फंड म्हणून काहीतरी कापून.
कुठला फंड, ते सांगायला
सुपरवायझर फोन उचलत नाही.
महागाई भत्ता वाढला त्या दिवशी
पेढे आणायला तिलाच पाठवलं.
एक घेतला तिनं. दुसरा घे म्हटलं तर
"नको, अभ्यासिकेत झोप येते," म्हणाली.

सदाशिव पेठेत, जिन्याखाली,
खुर्ची क्रमांक एकोणचाळीस.
ती तरी माझ्या नावावर आहे, म्हणते,
महिन्याच्या भाड्यानं का होईना.
जाहिरात दिवाळीनंतर येईल, म्हणते.
कुठल्या दिवाळीनंतर, ते मी विचारत नाही.

यंदा विवरणपत्र टाइप करता करता
सहज म्हणाली,
"मॅडम, मी कशात?"
मी वर पाहिलं, खाली पाहिलं.
भरलेलीत धरावी तर नियुक्ती आदेश नाही.
रिक्तमध्ये धरावी तर
समोर बसून डबा उघडतेय, शेपूची भाजी.
"तुझं बिल कार्यालयीन खर्चातून जातं," मी म्हटलं,
"कागद, शाई, तू."
दोघी हसलो.
ती आधी थांबली. मी जरा उशिरा.

मीही दोन हजार नऊची.
इलाहीचं पेन्शन सरकारवर, माझं बाजारावर.
तिचं काय, हे बोलायच्या आत
तिनं अर्धी भाकरी माझ्या ताटलीत टाकली होती.

नोव्हेंबरात इलाही येतो,
बँकेत हयातीचा दाखला देऊन थेट इकडे.
दारापाशी स्टुलावर बसतो, आपल्याच.
"यंत्रानं अंगठा घेतला नाही, बाई.
तीनदा पुसला, तीनदा नाही म्हणालं.
सगळ्या रेषा दोरीनं नेल्या.
मग साहेबानं तोंडाकडं बघून लिहिलं, हयात."

करिश्मा पाणी देते त्याला,
आणि मागोमाग सुतळीचा तुकडा.
"ती गाठ दाखवा ना, काका."
पहिल्यांदा निसटली.
दुसऱ्यांदा तिनं दात लावून ओढली.
"दात नको," तो म्हणाला, "नख."

दप्तरीची ओळ मी तक्त्यातून काढलेली नाही.
मंजूर शून्य, भरलेली शून्य, रिक्त शून्य.
लेखापरीक्षकानं विचारलंच
तर सांगेन,
राहून गेली.